ताईची सही

गाडीखाली कुणीतरी टब ठेवला होता. निळा, प्लॅस्टिकचा, एका कडेला चिरलेला. त्यात आंघोळ केलेलं बाळ एव्हाना कॉलेजात गेलं असणार. टबात वाटीभर काळं ऑईल साचलं होतं आणि कडेला चिकटपट्टीने चिठ्ठी लावली होती. ‘आपलं आपण गोळा करावं.’ खाली सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव, तारीख, शिक्का. शिक्कासुद्धा. मी ऑफिसला निघाले होते, एका हातात डबा, खांद्याला पर्स, आणि पहिलं मनात आलं ते असं की हा टब उचलावा, तिसऱ्या मजल्यावर न्यावा आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र पायपुसण्यावर उपडा करावा. मी त्रेपन्न वर्षांची आहे. विमा कंपनीत तेहतीस वर्षं काढलीत, हाताखाली सहा माणसं आहेत, आणि तरी मी डबा बाजूला ठेवून टब दोन्ही हातांनी उचलून बघितला. ऑईल हिंदकळलं आणि माझ्या चपलेवर सांडलं. मग टब होता तिथे ठेवला आणि तशाच चपलेने ऑफिसला गेले. ‘ही पोटातूनच नाकावर राग घेऊन आली,’ असं आई आल्यागेल्याला सांगते, मी समोर बसलेली असतानाही.

खरा तडाखा अकरा वाजता बसला. धाकट्या भावाचा फोन. गाडीचं प्रकरण, बाईला काय कळणार, म्हणून सेक्रेटरीने माझ्याशी बोलायचं सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माझ्या भावाला कळवलं होतं. गाडी माझ्या खिडकीखाली उभी, किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि तक्रार भावाकडे. भाऊ हसत होता. तो वाईट नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असते. फ्लॅट विकतो आणि सतत आनंदात असतो. म्हणाला, “काय ताई, अजून तुझी सही चालूच आहे का?” तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती खरंच जाते, पोटरीपासून वर चढताना मला ती कळली. समोरच्या टेबलावरचा मुलगा माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

ही सही काय आहे ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, वहिनीच्या माहेरीसुद्धा. अप्पा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड, पितळ, लाकूड, जे हाती येईल ते कातायचे, आणि कातलेल्या प्रत्येक वस्तूवर दोन बारीक रेघा ओढायचे, अगदी शेजारी शेजारी. आमच्या कपाटाच्या मुठी, खुर्चीचे पाय, पडद्याच्या दांड्यांची टोकं, सगळ्यांवर त्या दोन रेघा आहेत. कारखान्यातल्या कुण्या साहेबाची ठोकलेली, दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार भंगारात चालली होती, ती अप्पांनी घरी आणली आणि चार वर्षं खपून रस्त्यावर चढवली. त्या चार वर्षांत त्यांच्या हातात पाने देणारी मी. भावाला ग्रीसचा वास आवडायचा नाही. मला आवडायचा. शाळेतून आले की दप्तर फेकून आधी खाली जायचे, गाडीखालून अप्पांचे फक्त बूट दिसायचे, आणि बुटांच्या हालचालीवरून मला कळायचं की आता बाराचा पाना लागणार का तेराचा. एकोणीस वर्षांची झाले तेव्हा त्यांनी पहिलं मोठं काम मला एकटीला दिलं. इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तो पत्र्याचा चेंबर उतरवायचा, जुनं पॅकिंग खरवडून काढायचं, कॉर्कचं नवं पॅकिंग बसवायचं आणि चेंबर परत लावायचा. वीस बोल्ट. मी दोन दिवस लावले. जुनं पॅकिंग नखाने खरवडलं, कारण पत्र्याने ओरखडा उठेल अशी भीती. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर बशीएवढा डाग होता. अप्पांनी तो कागद वर आणला, चहाच्या टेबलावर पसरला आणि म्हणाले, “ही बघा ताईची सही.” सगळे हसले. मीही हसले असणार.

मग म्हणाले, आवळ. मी आवळलं. कागद परत ओला. अजून आवळ. पाना निसटून माझी बोटं फुटली, तरी आवळलं. शेवटी कॉर्क कडेने चिरडून बाहेर आला आणि पत्रा वाकला. कॉर्क जास्त आवळला की फुटतो, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण ‘आवळ’ म्हणणारा माणूस वीस वर्षं कारखान्यात काढलेला होता आणि मी एकोणीस वर्षांची होते. आणि हे सगळं नेमकं त्या फॉर्मच्या वेळी. कारखान्यात तेव्हा कामगारांच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यायचे. अट एकच होती, ज्याचं मूल त्यानेच फॉर्मवर लिहून द्यायचं की याचा हात कामाला पक्का आहे, आणि खाली सही करायची. पुढे मुलाने काम बिघडवलं तर सही करणाऱ्याची शोभा. मी पहिलीच मुलगी असणार होते. फोरमन स्वतः म्हणाला होता, पाठवा तिला. फॉर्म भरून अप्पांच्या खणात महिनाभर पडून होता. त्या डागानंतर मी विचारलं तेव्हा ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे म्हणाले, “ज्या हाताचं पॅकिंग गळतं, त्या हातासाठी मी सही करत नाही.” विषय संपला. तारीख गेली. मी टायपिंग शिकले आणि विमा कंपनीत लागले. पाच वर्षांनी भावाच्या फॉर्मवर मात्र त्यांनी डोळे झाकून सही केली, त्याच्या हाताने तोवर सायकलची चेनसुद्धा चढवलेली नव्हती. तीन महिन्यांत तो काम सोडून आला. मशीनच्या आवाजाने म्हणे कान दुखायचे.

आणि गाडी गळतच राहिली. मीही गळतच राहिले असं म्हणायला हवं, कारण घरात जे काही गळेल ती ताईची सही. नळ गळला, सही. पिशवी फाटून दूध सांडलं, सही. भाच्याचं नाक वाहायला लागलं, तेव्हा दोन वर्षांचा तो, त्याला शिकवून ठेवलं होतं, नाक वर करून म्हणायचा, ‘आत्याची छई.’ काय गोड, काय हुशार. मी रुमालाने त्याचं नाक पुसायचे. ऑफिसात माझं काम काय, तर गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायचे. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो, चूक कोणाची. तेहतीस वर्षं तो रकाना मी भरतेय, फोटो बघून, साक्षी वाचून, टायरच्या खुणा मोजून, आणि कुणावर उगीच खापर फुटू नये म्हणून एकेका फाईलवर चार चार दिवस घालवले आहेत. माझ्या स्वतःच्या फाईलवर मात्र निकाल चहाच्या टेबलावर लागला, पाच मिनिटांत, आणि तो मी मान्य करून टाकला. मान्य केला म्हणूनच राग येतो. बाकी कुणाचा एवढा येत नाही.

अप्पा जाऊन आठ महिने झाले होते. त्यांनी गाडीला कधी परक्या मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. ते गेल्यापासून मी तीनदा चेंबर उतरवून पॅकिंग बदललं होतं, तीनदा कागद ओला. भावाने त्या फोनवर गिऱ्हाईक काढलं. जुन्या गाड्या जमवणारा कुणी हौशी आहे, रविवारी येईल, आहे तशी नेईल, आईलाही तेच बरं वाटतंय. म्हणजे आईशी बोलणं झालेलं होतं. मी म्हटलं, रविवारी सकाळी कागद कोरडा असला तर गाडी माझ्याकडे राहील आणि तो शब्द या घरात पुन्हा कुणी काढायचा नाही. एक थेंब पडला तरी किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन, वर सही करून देईन. भाऊ म्हणाला, चौतीस वर्षांत झालं नाही ते पाच दिवसांत? मी फोन ठेवला आणि आठवड्याची रजा टाकली. तेहतीस वर्षांत स्वतःच्या कामासाठी घेतलेली पहिली. साहेबाने कारण विचारलं, तर मी ‘घरगुती’ लिहिलं.

मंगळवार-बुधवार मी गाडीखालीच होते. जॅक, लाकडाचे ओंडके, पाठीखाली जुनी सतरंजी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गाडीखाली शिरणं सोपं आणि बाहेर येणं अवघड असतं. कंबर आधी बाहेर येत नाही आणि डोकं नंतर. पण आत एकदा पाठ टेकली की बरं वाटायचं, हे मी वर कुणाला सांगितलं नसतं. नाकाच्या वर वीतभर अंतरावर ते काळं, थंड, कडेला ओलसर पोट. तोच वास. डावीकडे बघितलं की अजून वाटायचं तिथे बूट असतील. एकदा खरंच बूट आले, पॉलिश केलेले, आणि सेक्रेटरीचा आवाज आला की मेकॅनिक कुठे आहे, त्याच्याशी बोलायचंय. मी खालूनच म्हटलं, बोला, इथेच आहे. बूट जरा वेळ थांबले आणि निघून गेले. चौथ्यांदा पॅकिंग बसवलं. या वेळी बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे, बोटांना कळेल एवढेच आवळले. अप्पांचा ‘आवळ’ कानात चालूच होता आणि मी त्याला मोठ्याने, ओठ हलवून, नाही म्हणत होते. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर वाकून बघून गेला.

गुरुवारी सगळं इंजिन रॉकेलने धुतलं, पुसलं, आणि त्यावर आईची पावडर फवारली. ऑईल कुठून येतं ते पांढऱ्यावर काळं दिसतं. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. मग बॅटरी घेऊन आत शिरले आणि जे दिसलं ते बघून मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. चेंबरच्या कडेला एक ओघळ. पुढे पुलीच्या मागे एक. वर टॅपेटच्या झाकणाखाली एक. मागे गिअरबॉक्सच्या सांध्यात एक. चार ठिकाणी. म्हणजे मी खाली चोळत बसले होते आणि ते वरूनही येत होतं, मागूनही येत होतं, जसं काही त्याला फक्त बाहेर पडायचं होतं, वाट कुठलीही चालेल. मी पाना फेकला. तो टबाला लागला आणि टब दुसऱ्या कडेलाही फुटला. ऑईल हळूहळू पसरत सेक्रेटरीच्या पार्किंगच्या रेघेपर्यंत गेलं. ते पुसायला मला तास लागला, आणि तो तासभर मी अप्पांना, भावाला, टबातल्या त्या अनोळखी बाळालासुद्धा शिव्या दिल्या.

पेट्रोल पंपामागे एका कानाने बहिरा एक म्हातारा मिस्त्री आहे, जुन्या इंजिनांचा. आजवर त्याच्याकडे गेले नव्हते, कारण अप्पांनी नेलं नव्हतं. तसेच काळे हात घेऊन गेले आणि त्याला घेऊन आले. त्याने गाडी आधी चहूबाजूंनी नुसती बघितली. मग खाली शिरून चेंबरच्या कडेवरून सगळीकडे बोट फिरवलं आणि विचारलं, “हे पॅकिंग कुणी बसवलं?” मी म्हटलं, मी. “चांगलं बसवलंय,” तो म्हणाला. “इथून गळायला नको.” चौतीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्यावरच खेकसले. गळायला नको तर गळतंय कशाला, तुमचं सर्टिफिकेट कुणी मागितलंय, वगैरे. वड्याचं तेल वांग्यावर. त्याने शांतपणे बहिरा कान माझ्याकडे केला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. वरचं ऑईल भरायचं झाकण काढलं, कागदाचा कपटा फाडून त्या भोकावर ठेवला. कपटा टुणकन उडाला आणि माझ्या दंडावर येऊन चिकटला. मग म्हणाला, आतला धूर बाहेर जायला एक नळी असते, ब्रीदर. ती तुमची बंद आहे. दाब कोंडला की तो मिळेल त्या फटीतून ऑईल ढकलतो. एक फट बुजवली की दुसरी. “दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं,” म्हणाला. “जिथून गळतं तिथे दुखणं नसतं बाई.” पुढे काही शहाणपणाचं बोलेल आणि मला माझ्या स्वभावाबद्दल ऐकावं लागेल अशी मला धास्ती वाटली, पण त्याने हात पुसले आणि तो गेला. नळी तुम्हीच उतरवा म्हणाला, तुम्हाला जमेल.

शुक्रवारी सकाळी नळी उतरवली. इंजिनाच्या कुशीतून निघून गाडीच्या पोटाखाली उघडणारी, अंगठ्याएवढ्या जाडीची लोखंडी नळी. तोंडातून फुंकलं, हवा जाईना. तार घातली तर बोटभर आत जाऊन टणक काहीतरी लागलं. कचरा असेल, काजळी असेल, असं मी म्हणत होते, पण काजळीचा आवाज असा येत नाही. लांब स्क्रू घेतला, त्यात पिळून घट्ट केला, नळी पायांत धरली आणि पक्कडीने ओढलं. तिसऱ्या झटक्याला बूच बाहेर आलं. लाकडी, ऑईल पिऊन काळं पडलेलं, नळीच्या मापाला असं तंतोतंत की कातणाऱ्याचं कौतुक करावं. मी ते रॉकेलच्या फडक्याने पुसलं. काळ्याखालून तपकिरी लाकूड आलं, आणि रुंद टोकापाशी दोन बारीक रेघा, अगदी शेजारी शेजारी.

पाय सतरंजीबाहेर फरशीवर होते आणि फरशी गार लागत होती. डोक्यात काहीच नव्हतं, फक्त ते माप. कातण्याआधी त्यांनी नळीच्या तोंडाला दोनदा कॅलिपर लावला असणार, ते नेहमी दोनदा लावायचे. मग उठून आधी मिस्त्रीकडे गेले. का गेले सांगता येत नाही, कदाचित घरच्या नसलेल्या माणसाला दाखवायचं होतं. तो हसला. म्हणाला, धुराचा वास गाडीत येतो म्हणून पूर्वी पुष्कळ लोक हा उद्योग करायचे; अहो, हातभर रबरी नळी जोडून तोंड मागे न्यायचं की वास बंद, अर्ध्या तासाचं काम. न मागता त्याने नळी कापून दिली. वास. आईला गाडीत मळमळायचं. हे मला माहीत होतं, इतकी वर्षं माहीत होतं, आणि कधीतरी ते थांबलं हेही माहीत होतं.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसली होती. मी ते बूच तिच्या कोड्यावर ठेवलं. कागदावर ऑईलचा डाग पसरू लागला. तिने ते हातात घेतलं नाही, आश्चर्य दाखवलं नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “सापडलं का?”

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी समोरची खुर्ची ओढून बसले. आईने मग सगळं सांगितलं, कोड्याच्या चौकोनांकडे बघत, मधे मधे थांबत. मळमळतं म्हणून तिनेच मागे लागून ते करून घेतलं होतं. त्यानंतर आठवडाभरात अप्पांनी मला चेंबरचं काम दिलं. गळायला लागलं तेव्हा त्यांना खरंच वाटलं की माझं चुकलं. मग कारखान्यात त्यांनी ही सहीची गंमत फोरमनला सांगितली, तर तो हसलाच नाही. म्हणाला, ब्रीदर तर बंद नाही ना केलास? त्या दिवशी अप्पा घरी आले ते जेवलेच नाहीत.

मी विचारलं, “तेव्हा फॉर्मची तारीख गेली होती?”

आईने चष्मा काढला. “आठ दिवस होते,” ती म्हणाली.

बाहेर लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर अडकली होती, दार लावा, दार लावा, असं कुणीतरी ओरडत होतं. मला ते आठ दिवस आठवायचे होते आणि आठवेनात. त्या आठ दिवसांत मी त्यांना चहा दिला असेल. बूट पुशीत बसले असेन. खणात फॉर्म होता आणि खण त्यांच्या उशाशी होता. आई म्हणाली, “सगळ्यांदेखत बोलून बसले होते ना. खाली जायचे, गाडीपाशी उभे राहायचे, परत वर यायचे. मी म्हटलं, काढून टाका आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, काढलं की गळणं थांबेल, आणि थांबलं की ती विचारेल.” झाकली मूठ. त्या एका मुठीसाठी जिच्यावर जीव टाकला ती गाडी चौतीस वर्षं गळू दिली, रोज सकाळी तिच्याखालचा कागद स्वतःच्या हाताने बदलला. आणि मला आता आठवू लागलं की ‘सही’ हा शब्द पहिल्या वर्षानंतर अप्पांच्या तोंडून मी ऐकलाच नव्हता. भाऊ म्हणायचा, वहिनी म्हणायची, भाचा म्हणायचा. अप्पा कागदाची घडी करायचे, डाग आत जाईल अशी, आणि कचऱ्यात टाकून यायचे. मला त्यांची कीव येऊ लागली होती, आणि कीव येतेय याचा जास्त संताप आला. माझ्या वाट्याला रागसुद्धा अख्खा येऊ नये? जिवंत होते तोवर बोलले नाहीत, आणि आता भांडायलाही समोर नाहीत. मी आईला म्हटलं, तू का नाही सांगितलंस? एवढ्या वर्षांत, निदान ते गेल्यावर? ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी कधी बोलली असतीस का?” खरं उत्तर ‘नाही’ असंच होतं, पण ते मी तिला दिलं नाही. मग ती म्हणाली, तुझं तसं काही वाईट झालं नाही, चांगली नोकरी लागली, मान आहे. तेव्हा मी उठून बूच उचललं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं, कारण पुढचं वाक्य मला तोंडातून जाऊ द्यायचं नव्हतं.

शनिवारी नळी उघडी तशीच परत बसवली, इंजिन तासभर चालवलं, कपटा ठेवून बघितला. कपटा भोकावर पडून राहिला. गाडीखाली कालचंच वर्तमानपत्र पसरलं, आईचं अर्धवट कोडं वर येईल असं. रविवारी भाऊ नऊला आला. गिऱ्हाईक दहाला यायचं होतं. तो पार्किंगमध्ये वाकला, कागद ओढून बघितला, उलटा करून बघितला, बोटाने चाचपला. शुक्रवारचा बुचाचा एक वाळलेला डाग सोडला तर कागद कोरडा ठणठणीत होता. म्हणाला, वा, कुणाकडून करून घेतलंस? मी म्हटलं, मी केलं. म्हणाला, खरं सांग ना. मी पर्समधून बूच काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि काय ते सांगितलं, पाच वाक्यांत, आठ दिवसांसकट. त्याने त्या दोन रेघांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा हसरा नव्हता, आणि क्षणभर मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल, माझ्या बाजूचं. तो म्हणाला, “जाऊ दे ना ताई. ते आता नाहीत.”

मी त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणून सांग. मग वर गेले आणि आईला म्हटलं, चल, चक्कर मारून येऊ. ती नको म्हणाली, गुडघे म्हणाली, मग माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. तिला त्या खोल सीटमध्ये बसवायला भावानेच हात दिला. आम्ही निघालो तेव्हा तो तिथेच उभा होता, एका हातात कागद आणि दुसऱ्यात बूच. गाडी छान चालत होती. चौतीस वर्षांत एवढी मोकळी चालली नसेल. पहिल्या सिग्नलला थांबलो तेव्हा खालून धूर आत आला, गरम ऑईलचा, दाट, जुना वास. आईने रुमाल काढला.

“वास येतोय गं,” ती म्हणाली.

“हो.”

“मळमळतंय मला. याचं काही करता येत नाही का?”

“येतं. हातभर नळी लावायची. अर्ध्या तासाचं काम आहे. नळी मागे डिकीत आणून ठेवलीय.”

“मग लाव ना बाई.”

“लावीन की,” मी म्हटलं. “आठ दिवसांनी.”

आईने रुमाल नाकाशी धरला आणि ती समोर बघत राहिली. सिग्नल सुटल्यावर मी गाडी लांबच्या रस्त्याने घेतली.